बोकडाचा भावही फळ्यावर लिहा

प्रति,
मा. सभापती, संचालक मंडळ आणि सचिव,
सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्या, जिल्हा धाराशिव

प्रत : मा. कार्यकारी संचालक, महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ, पुणे

विषय : शेळ्या, जनावरं, कोंबड्या आणि अंडी यांचे भाव दर आठवड्याला जाहीर करण्याबाबत

महोदय,


कळंबच्या किंवा उमरग्याच्या शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव विचारा. लातूरला आज काय निघाला, कालच्यापेक्षा किती उतरला, ओलाव्यापोटी व्यापाऱ्यानं किती कापले, २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव ५,३२८ रुपये असताना बाजार कुठं अडला, हे सगळं त्याच्या मोबाइलवर असतं. त्याच घराच्या मागच्या दारी बांधलेल्या बोकडाचा भाव विचारला की घरातली बाई म्हणते, "बाजारात नेल्यावर कळंल."

या एका उत्तरापायी हे पत्र आपल्याला लिहावं लागतंय.

बाजारात नेल्यावर काय कळतं, ते आपल्या आवारातच घडतं, तरी एकदा त्या बाईच्या बाजूनं बघावं. सकाळी पिकअप लागते. ती एक बोकड आणि दोन करडं घेऊन उतरते. दावं हाताला गुंडाळून उभी राहते न राहते तोच घेणारा पुढं येतो. बोकडाच्या पाठीच्या मणक्यावर अंगठा दाबून मांस चाचपतो, जबडा उघडून दात बघतो, मग पोटाखाली हात घालून जनावर जमिनीपासून वीतभर उचलतो. त्या एका उचलण्यात त्याला वजन कळतं, फार तर किलो-अर्धा किलो इकडं-तिकडं. ते तो बोलून दाखवत नाही. तो एक उक्ता आकडा टाकतो. मग दलाल मध्ये पडतो, टॉवेलखाली हातात हात जातात, बोटं दाबली जातात, आणि जनावराची मालकीण दोन हातांवर उभी राहून तो टॉवेल बघत राहते.

समजा, तो बोकड पंचवीस किलोचा आहे. जिवंत वजनाच्या जेमतेम निम्मं मटण पडतं. बारा किलो धरू. मटण किलोला साडेसातशे धरलं तरी नऊ हजार झाले, मुंडी, पाये आणि वजडी वेगळी. व्यापाऱ्याला गाडीभाडं आहे, बाजार फी आहे, जनावर दगावण्याची जोखीम आहे, त्यालाही घर आहे. त्यानं सात हजार द्यावेत की साडेसात, यावर घासाघीस झाली तर तो व्यापार झाला. पण ही बाई घासाघीस करते ती पाच हजारांपासून वर, कारण पहिला आकडा त्यानं टाकला आणि तिच्यापाशी स्वतःचा आकडाच नाही. पाच हजारांचे साडेपाच करून घेतले की तिला जिंकल्यासारखं वाटतं. व्यापारी फसवतो म्हणून हे होत नाही. एकाला वजन आणि भाव दोन्ही माहीत आहेत, दुसऱ्याला एकही नाही, म्हणून होतं.

सभापती महोदय, हा आकडा आपल्या कार्यालयात नाही असं नाही. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम १९६३ च्या अनुसूचीत धान्य-कडधान्याबरोबर गुरं, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि अंडी आहेत. त्यावरच आपण बाजार फी घेता. फी किमतीवर घ्यायची तर किंमत लिहावी लागते; म्हणजे प्रत्येक पावतीच्या स्थळप्रतीवर विकणाऱ्याचं गाव, जनावराचा प्रकार आणि रक्कम यायला हवी. शिवाय १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. बारा अंकी क्रमांकाचा हा बिल्ला म्हणजे त्या जनावराची ओळख. ओळख नोंदवण्याची सक्ती आली, तिला लागून किंमत नोंदवण्याची आणि सांगण्याची सक्ती कुणाला सुचली नाही.

त्याच कायद्यात बाजार समितीच्या कर्तव्यांत भावाची माहिती गोळा करणं, जपणं आणि लोकांपर्यंत पोचवणं हेही आहे. तुरीच्या बाबतीत आपण ते करता. लिलाव संपला की किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर फळ्यावर येतो, पणन मंडळाच्या संकेतस्थळावर जातो. शेळीच्या बाबतीत पावतीपुस्तक संपलं की ते गठ्ठ्यात बांधून कपाटात जातं.

आता कुणी म्हणेल, पणन मंडळाच्या रोजच्या पत्रकात काही बाजारांतल्या शेळ्या-बैलांचेही दर असतात. असतात, पण एकक असतं 'नग'. एका नगात तीन महिन्यांचं करडूही बसतं आणि ईदसाठी वर्षभर पोसलेला बोकडही. गाभण शेळी, दुभती शेळी, म्हातारी भाकड शेळी, सगळ्या एकाच ओळीत. किमान आणि कमाल यांच्यात इतकी दरी पडते की मधला सर्वसाधारण दर कुठल्याच जनावराचा नसतो. सोयाबीनचा भाव पोत्यावर दिला आणि पोतं वीस किलोचं की शंभरचं ते सांगितलं नाही, तर कुणी चालवून घेईल का?

म्हणून पहिली मागणी वजनकाट्याची आहे. जनावरांच्या आवारात, शेळ्या उतरतात तिथंच, पिंजऱ्याचा एक इलेक्ट्रॉनिक काटा बसवा. तोलाई लावू नका. लावली तर कुणी चढणार नाही. विकणाऱ्यानं जनावर काट्यावर घालायचं, आकड्याची चिठ्ठी घ्यायची आणि मग व्यापाऱ्यासमोर उभं राहायचं. पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर जनावरं जिवंत वजनावर विकली जातात. सरकारी महामंडळ विकताना किलोनं विकतं, मग सरकारच्याच कायद्यानं उभारलेल्या बाजारात शेतकऱ्यानं उक्तं का विकावं?

दुसरी मागणी एका पानाच्या आठवडी पत्रकाची. त्यात फार काही नको. बोकड आदत, दोन दाती आणि त्यावरचे, पाट, गाभण किंवा दुभती शेळी, कटाईची शेळी. या प्रत्येकाचा जिवंत किलोमागचा दर आणि आवक. पैदाशीच्या जनावराचा भाव वजनावर ठरत नाही, तो वेत, दूध आणि जात बघून ठरतो, हे खरं. तिथं नगाचा दर द्या, पण वर्ग वेगळा ठेवून द्या. बैल, गाय, म्हैस यांचंही तसंच. बैलाचे दात आणि कामाची जोडी, म्हशीचं वेत आणि दिवसाचं दूध, एवढ्या दोन खुणा लिहिल्या तरी तो दर वाचणाऱ्याच्या उपयोगी पडतो. पत्रक आवारातल्या फळ्यावर, ग्रामपंचायतीत आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर गेलं की काम झालं. बचत गटांच्या बायका त्याच दिवशी ते एकमेकींना वाचून दाखवतील.

हे पत्रक एका आठवड्यापुरतं नसेल, तर त्याला मोल येईल. शेळीच्या भावाला आपल्या जिल्ह्यात स्वतःचं पंचांग आहे. आखाडात मागणी चढते, श्रावण लागला की उतरते. नवरात्र आणि दसरा, चैत्री पौर्णिमेची येरमाळ्याची यात्रा, गावोगावच्या कंदुऱ्या, नवस, या सगळ्यांत बोकड लागतो. सगळ्यात मोठी उचल बकरी ईदच्या आधीची. दुसऱ्या बाजूला दसरा-दिवाळीच्या सुमाराला वाशी, भूम, परंडा, कळंब भागातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं घर बंद करून निघतात. मागं शेळ्या सांभाळायला कुणी नसतं, म्हणून त्या एकाच वेळी बाजारात येतात. आवक वाढते, भाव पडतो. किती पडतो? दोन आठवडे आधी विकलं तर किती वाचतं? तीन वर्षांचं आठवडी पत्रक हाताशी असतं तर सातवी शिकलेली मुलगीही आईला हे सांगू शकली असती.

२०२५ साली काय झालं ते आपल्याला आठवत असेल. ईद ७ जूनला होती. मेच्या अखेरीस राज्याच्या गोसेवा आयोगाचं पत्र निघालं, की बाजार समित्यांनी ३ ते ८ जून या काळात जनावरांचे बाजार भरवू नयेत. हेतू गोवंश हत्या रोखण्याचा होता. पण जनावरांचा बाजार बंद म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचाही बंद. ओरड झाली, पत्र मागं घेतलं गेलं. तरी ज्यानं वर्षभर बोकडाला पाला-भरडा घातला, त्याच्यासाठी ते चार-सहा दिवस म्हणजेच वर्ष होतं. बाजार भरणार की नाही या धाकात कुणी घाईनं दारातच विकलं, त्याचं किती गेलं, याचा हिशेब आज कुणालाही मांडता येत नाही. आधीच्या आठवड्याचा आणि त्या आठवड्याचा भाव कुठं वर्गवार मांडलेलाच नाही.

मोठ्या जनावरांची गोष्ट याहून अवघड आहे. राज्यात मार्च २०१५ पासून बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाची किंमत बदलली. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पी चर्मरोगामुळे जनावरांचे बाजार बंद झाले. २०२५ च्या पावसाळ्यात गोरक्षकांच्या त्रासाला कंटाळून कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली आणि म्हशींचेसुद्धा सौदे अडले. या तिन्ही निर्णयांवर नि घटनांवर मतं काहीही असोत, शेतकऱ्याच्या दावणीला त्यांची किंमत किती पडली हे सांगणारा दस्तऐवज आपल्याच कपाटात असू शकला असता. तो नसल्यामुळे शेतकऱ्याचं नुकसान चर्चेत येतं ते भावनेच्या भाषेत, आकड्याच्या नाही.

आणि आकडा नसला की काय होतं, हे २०२५ च्याच सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांनी पाहिलं. पुराचं पाणी रात्रीत गोठ्यांत शिरलं, दावणीला बांधलेली जनावरं सोडायलाही वेळ मिळाला नाही. मदत जाहीर झाली : दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या जनावराला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १०० रुपये. याच राज्य सरकारच्या पशुसंवर्धन विभागानं २०२१ साली दहा शेळ्या आणि एका बोकडाच्या गटासाठी खर्चाचा आराखडा ठरवला, तेव्हा पैदासक्षम उस्मानाबादी शेळीची किंमत धरली ८,००० रुपये आणि बोकडाची १०,०००. म्हणजे योजनेत लाभार्थ्याला देताना शेळी आठ हजारांची, पुरात वाहून गेली की चार हजारांची. आपत्तीतली मदत ही पूर्ण भरपाई नसते, ती केंद्राच्या ठरलेल्या निकषांवर असते, हे मान्य. पण निकष बदला असं सांगायला गेलेल्या माणसाच्या हातात काय द्यायचं? 'आमच्या बाजारात शेळी बारा हजारांला जाते' हे तोंडी सांगणं आणि बाजार समितीच्या शिक्क्याचं बावन्न आठवड्यांचं पत्रक टेबलावर ठेवणं, यांत फार अंतर आहे. विम्याच्या दाव्यालाही तेच पत्रक लागेल, बँकेच्या कर्ज प्रकरणालाही.

उस्मानाबादी शेळी या मुलखाची आहे. नर सरासरी चौतीस किलोंपर्यंत जातो, मादी बत्तीसपर्यंत. बरेचदा जुळी करडं देते, पाण्याचा दुष्काळ आणि चाऱ्याचा तुटवडा सोसते. राज्यात २०१९ च्या पशुगणनेनुसार एक कोटीहून अधिक शेळ्या आहेत. उस्मानाबादीची जात टिकवायला प्रक्षेत्रं आहेत, प्रशिक्षणं आहेत, अनुदान आहे. शेळी कशी पाळावी हे शेतकऱ्याला सगळे सांगतात. कितीला विकावी हे सांगण्याचं काम कायद्यानं आपल्यावर सोपवलं आहे.

कोंबडी आणि अंड्यांकडे वळलं की चित्र थोडं वेगळं दिसतं. अंड्याला निदान एक जाहीर भाव आहे. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, आणि आज पुणे, मुंबई, हैदराबाद, नामक्कल अशा केंद्रांचा शंभर अंड्यांचा दर रोज निघतो. उत्पादकांनी एकत्र येऊन स्वतःचा भाव स्वतः सांगायचा, हे या देशात होऊ शकतं याचा तो पुरावा आहे. पण तो भाव पोल्ट्रीतल्या पांढऱ्या अंड्याचा. परसातल्या गावरान अंड्याला, तलंगीला, कोंबड्याला भाव कोण सांगतं? डालगं डोक्यावर घेऊन आलेला फिरता व्यापारी. पुण्यात गावरान म्हणून जे अंडं विकलं जातं, त्यातले किती पैसे लोहाऱ्याच्या खेड्यातल्या बाईपर्यंत येतात, हे अंतर मोजायला आठवडी बाजारातल्या डझनाचा भाव लिहून ठेवणं एवढंच लागतं.

ब्रॉयलरचं तर वेगळंच. करारावर पक्षी वाढवणारा शेतकरी शेड बांधतो, वीज, पाणी, तूस आणि घरच्यांची मेहनत घालतो. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. चाळीसेक दिवसांत दोन किलोचा पक्षी झाला की कंपनीची गाडी येते आणि त्याला किलोमागं ठरलेला संगोपन खर्च मिळतो. पक्षी पुढं काय भावानं गेला, हे त्याला कळलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरोनाच्या अफवेनं काही ठिकाणी शेतावरचा जिवंत कोंबडीचा भाव किलोला दहा रुपयांच्याही खाली गेला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू आला, जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या उदगीरला कावळे मेले, आणि दोन्ही वेळी धसका जिल्ह्याबाहेरही पसरला. अशा दिवसांत खरा भाव सांगणारं अधिकृत पत्रक नसलं की अफवा हाच भाव होतो. या पक्ष्याच्या खाद्यात जी सोयापेंड असते, ती आपल्याच शिवारातल्या सोयाबीनची. पेंडीचा भाव रोज छापून येतो. ती खाऊन वाढलेल्या पक्ष्याचा शेतावरचा भाव आठवड्यातून एकदा तरी छापून यावा, ही तिसरी मागणी. त्यासाठी पणन मंडळानं कंपन्यांकडून उचलीचे दर मागवावेत. अमेरिकेत १९९९ साली कायदा करून मोठ्या मांस कंपन्यांना जनावरांच्या खरेदीचे भाव सरकारी खात्याला कळवणं बंधनकारक केलं गेलं, कारण थोडक्या खरेदीदारांच्या हातात गेलेल्या बाजारात शेतकऱ्याला भावच दिसेनासा झाला होता. आपली पोल्ट्री त्याच वाटेवर आहे.

जिल्हाधिकारी कार्यालयालाही या पत्रकाची गरज आहे, ती वेगळ्या कारणासाठी. पूर्व आफ्रिकेत दुष्काळाची चाहूल घेणाऱ्या यंत्रणा एक साधी गोष्ट सतत बघतात : एक बोकड विकून किती मका येतो. हा आकडा घसरायला लागला की पोटापाण्यासाठी जनावरं निघायला लागली आहेत, हे उपासमार दिसायच्या कितीतरी आधी कळतं. १९८४-८५ च्या इथिओपियातल्या दुष्काळानंतर उभी राहिलेली दुष्काळ पूर्वसूचना यंत्रणा हा हिशेब ठेवत आली आहे. धाराशिवला दुष्काळ नवा नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. एका शेळीत किती ज्वारी, एका बैलजोडीत किती पेंढ्या कडबा, हे दर आठवड्याला मांडलं असतं तर छावणी कधी उघडायची यासाठी आंदोलनाची वाट बघावी लागली नसती.

आपल्याकडून येऊ शकणारी हरकत ठाऊक आहे : कर्मचारी नाहीत, समित्यांचं उत्पन्न तुटपुंजं, व्यापारी काट्याला तयार होणार नाहीत. पावत्या फाडायला माणूस आहेच. त्याच पावतीवर वजन आणि दात हे दोन रकाने वाढवायचे आणि बाजार उठल्यावर बेरीज मारायची, हे एका संध्याकाळचं काम आहे. व्यापाऱ्यांची नाराजी काही बाजार टिकेल, पण जनावर जिथं आहे तिथंच त्यांना यावं लागतं. शिवाय प्रामाणिक व्यापाऱ्यालाही काटा सोयीचा असतो. दुसऱ्याच्या बाजारातला भाव त्यालाही फोनवर विचारत बसावं लागतं.

पणन मंडळाला एवढीच विनंती, की जिल्ह्यानं पाठवलेलं पत्रक 'नग' या एका रकान्यात कोंबू नका. सांगोल्याचा रविवारचा बाजार, काष्टी आणि चाकणचे शनिवारचे बाजार आणि आपल्या जिल्ह्यातले बाजार एका तक्त्यात, एकाच वर्गवारीनं दिसले तर परंड्याचा शेतकरी ठरवेल, कुठं जायचं आणि गाडीभाडं परवडतं का.

सगळ्या समित्यांनी एकदम सुरुवात करावी असा हट्ट नाही. एका समितीनं, एका बाजारात, फक्त शेळ्यांपासून करावी. येत्या बकरी ईदच्या आधी आठ आठवडे पहिलं पत्रक फळ्यावर लागावं आणि ईदनंतरही ते थांबू नये. तोपर्यंत, या पत्राच्या वाचकांपैकी जे जनावर विकायला जातात त्यांनी घरून निघताना पिठाच्या गिरणीतल्या किंवा सोसायटीतल्या काट्यावर बोकड तोलून न्यावा, आणि विकल्यावर पावतीवर खरीच रक्कम लिहून घ्यावी.

कळावे,

आपला नम्र,
धाराशिव जिल्ह्यातल्या शेळीपालकांचा एक सोबती